लंगडणारें मूल

मूल पडलें, रडलें, उठलें आणि पुन्हां धांवूं लागलें, म्हणजे घरांतील माणसें तें विसरून जातात. आणि तें योग्यच आहे. परंतु मूल न पडतां लंगडूं लागलें, न रडतां लंगडत राहिलें, आणि ‘कोठें दुखतें रे ?’ या प्रश्नास एके दिवशीं ‘गुडघा’, दुसऱ्या दिवशीं ‘मांडी’ व तिसऱ्या दिवशीं ‘कांहीं नाहीं’ असें उत्तर देऊं लागलें, तर तें विसरण्याजोगें नव्हे. अशा लंगडण्याच्या अनेक कारणांपैकीं एका कारणाची ओळख आमच्या घराला २०२१ सालच्या दिवाळीनंतर झाली. तेव्हांपासून आमच्या नातवाच्या उजव्या खुब्याचीं क्ष-किरण-चित्रें किती निघालीं याची गणती आम्ही ठेविलेली नाहीं. तीं पाहण्याचा सराव मात्र झाला आहे. आम्ही वैद्य नव्हों. तरी वाढत्या मुलाचा खुबा वांकडा कसा होत जातो हें जवळून पाहण्याचा प्रसंग आमच्यावर आला, आणि चार ते दहा वर्षांचीं मुलें ज्यांच्या घरीं आहेत अशा वाचकांस त्यांतील कांहीं उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून हें लिहीत आहों.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचें वरचें टोंक चेंडूसारखें वाटोळें असतें, आणि कंबरेच्या हाडांत त्याच्यासाठीं एक खोलगट वाटी असते. चेंडू वाटींत नीट बसलेला असला म्हणजे मनुष्य चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो, आणि आपल्याला खुबा म्हणून कांहीं आहे याची त्यास आठवणहि होत नाहीं. हा चेंडू, किंवा त्याखालची हाडाची मान, बिघडण्याचे मार्ग निरनिराळे आहेत. मुडदुसांत हाडांत चुना पुरेसा जमत नाहीं, म्हणून शरीराच्या भाराखालीं ती मान हळूहळू वांकत जाते. जन्मतःच ठिसूळ हाडें घेऊन आलेल्या मुलांत बारीकसारीक भंग होऊन व सांधून तोच परिणाम होतो. क्षयाचे जंतु शिरले तर ते सांधाच पोखरून टाकतात. आमच्या घरीं आलेला विकार यांपैकीं नव्हता. त्यांत जंतु नसतात, चुना कमी पडलेला नसतो, आणि शरीरांतील इतर हाडें धडधाकट असतात. त्या वाटोळ्या डोक्याचा रक्तपुरवठा कांहीं काळ तुटतो, एवढीच गोष्ट. पण तेवढ्यावरून पुढें जें घडतें तें चार-पांच वर्षें पुरतें.

याला पर्थेसचा विकार म्हणतात. त्याची स्वतंत्र ओळख पटावयास आधीं क्ष-किरणांचा शोध लागावा लागला. तो रंटगेननें १८९५ सालीं लाविला. त्यापूर्वीं मूल महिनोन् महिने लंगडूं लागलें म्हणजे त्याला खुब्याचा क्षयच झाला असें बहुधा समजत. स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉमनें १९०९ मध्यें या विकाराचें वर्णन केलें, परंतु त्यानेंहि तो क्षयाचाच एक प्रकार मानिला. पुढच्याच वर्षीं बॉस्टनचा लेग, फ्रान्समधील काल्व्हे आणि जर्मनींतील पर्थेस या तिघांनीं, एकमेकांस न विचारतां, हें दुखणें वेगळें आहे असें लिहिलें. क्षयाच्या नांवाखालीं वर्षानुवर्षें खाटेला खिळून राहिलेल्या त्यापूर्वींच्या मुलांचा विचार मनांत आला कीं कसेंसेंच होतें.

रक्त तेवढ्याच जागीं कां तुटावें, याचें पूर्ण उत्तर अद्याप मिळालेलें नाहीं. पण तें त्याच वयांत कां तुटतें, याचा कांहीं उलगडा झाला आहे. ऑक्सफर्डचे प्राध्यापक त्रुएता यांनीं १९५७ सालीं असें दाखविलें कीं, सुमारें चार ते सात वर्षांपर्यंत या डोक्यास जवळजवळ एकाच बाजूच्या रक्तवाहिन्यांवर विसंबून राहावें लागतें. खालून येणारी वाट वाढीच्या कूर्चेनें अडविलेली असते, आणि आंतल्या बाजूनें येणारी वाट अजून नीट उघडलेली नसते. ज्या गांवाला एकच पूल आहे त्याच्यासारखी ही स्थिति. मुलींपेक्षां मुलग्यांना हा विकार चार-पांच पट अधिक होतो. दहांपैकीं एखाद-दुसऱ्या मुलाचे दोन्ही खुबे सांपडतात.

आमच्याकडे हें प्रथम लक्षांत आलें तें जेवणाच्या वेळीं. मुलाला आठ वर्षें पुरीं होऊन तीन महिने झाले होते. पाटावर मांडी घातली म्हणजे त्याचा डावा गुडघा जमिनीस टेके, आणि उजवा वीतभर वर राही. आजीनें दोनदां ‘नीट बैस’ म्हणून सांगितलें, तिसऱ्यांदा ती कांहीं बोलली नाहीं व नुसती पाहत राहिली. ज्या डॉक्टरांकडे आम्ही नेहमीं जात असूं त्यांनीं गुडघा पाहिला, दाबला, वाढत्या वयांत असें दुखतेंच असें सांगितलें, आणि चोळावयास मलम दिलें. तीन महिने मलम चोळण्यांत गेले. दोन वर्षें घरीं बसून शाळेची संवय मोडली म्हणून हा सोंग करतो, असेंहि एका नातलगांनीं सुचविलें. हें मत फार लोकप्रिय असतें असा आमचा अनुभव आहे. मूल सोंग करतें असें ठरलें म्हणजे मोठ्या माणसांना कांहींच करावें लागत नाहीं.

आमची सून शास्त्र शिकलेली नाहीं, पण तिची नजर स्वच्छ आहे. ती एके रात्रीं म्हणाली, “बाबा, गुडघा दुखत असता तर गुडघा वांकवतांना दुखायला हवं. तसं होत नाहीं. विजार घालतांना पाय बाहेर काढायला लागतो ना, तेव्हां तो ओठ चावतो. मी रोज पाहतें.” तिच्या आग्रहानें हाडांच्या डॉक्टरांकडे जाणें झालें. त्यांनीं मुलास उताणें निजविलें, गुडघ्यास हातहि न लावितां पाय उचलला, आणि हळूच बाहेरच्या अंगास नेला. डावा पाय सहज गेला. उजवा थोडा जाऊन अडला, आणि त्याबरोबर सबंध कंबर वळली. पुढें त्यांनीं समजावून सांगितलें कीं, खुब्याला व गुडघ्याला संवेदना पोंचविणारी एक शिर सामायिक आहे. म्हणून खुबा बिघडतो आणि मूल बोट ठेवितें गुडघ्यावर. लहान मूल गुडघा दुखतो म्हणून सांगत असेल आणि गुडघा निर्दोष दिसत असेल, तर खुबा तपासल्यावांचून त्याला घरीं पाठवूं नये, असा त्यांच्या शास्त्राचा जुना दंडक आहे म्हणे. तो दंडक सर्वांनीं पाळला असता तर आमचे तीन महिने वांचले असते.

चित्रांत उजव्या हाडाचें डोकें डाव्यापेक्षां लहान, चपटें व अधिक पांढरें दिसत होतें. डॉक्टरांनीं कागदावर रेघा काढून जें सांगितलें तें आम्हीं तीन-चार बैठकींत समजून घेतलें. त्याचा सारांश असा. रक्त तुटलें कीं डोक्यांतील हाड मरतें. पण तें लगेच ढासळत नाहीं. वाळलेल्या लाकडासारखें तें कांहीं महिने आपला आकार धरून राहतें. पुढें रक्तवाहिन्या पुन्हां आंत शिरूं लागतात. वाचकांस वाटेल, येथें दुखणें संपलें. खरें संकट येथेंच सुरू होतें. परतलेल्या रक्ताबरोबर दोन प्रकारच्या पेशी कामाला लागतात. एक मेलेलें हाड उचलून नेणाऱ्या, आणि दुसऱ्या नवें हाड घालणाऱ्या. पडक्या घराचा राडारोडा उपसणारे मजूर पहाटेस हजर व्हावेत आणि गवंडी दोन प्रहरीं उगवावेत, तसा प्रकार होतो. उपसा पुढें जातो, बांधणी मागें राहते, आणि वर्षभर किंवा त्याहूनहि अधिक काळ तें डोकें मऊ राहतें. चित्रांत तें फुटलेल्या तुकड्यांसारखें दिसतें. नवें हाड भरून येण्यास त्यापुढें आणखी दोन-तीन वर्षें लागतात.

त्याच वेळीं दुसरी एक गोष्ट चाललेली असते. डोक्यावरील कूर्चेच्या बाहेरच्या थराचें पोषण रक्तावर अवलंबून नसतें, सांध्यांतील वंगणावर होतें. म्हणून आंतील हाड मेलें तरी ती वाढतच राहते व जाड होते. म्हणजे डोकें आंतून मऊ आणि बाहेरून मोठें होऊं लागतें. सांधा सुजलेला असतो. मांडी आंत ओढणारे स्नायु आखडतात, पाय आंतल्या बाजूस खेंचला जातो, आणि पाय आंत गेला कीं डोकें वाटींतून बाहेरच्या अंगास सरकतें. आतां मऊ, फुगलेलें डोकें अर्धें वाटींत व अर्धें बाहेर, आणि वाटीचा टणक कांठ त्याच्यावर टेकलेला, अशी अवस्था होते. चालतांना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार पडतो. प्रत्येक पावलागणिक तो कांठ रुततो. डोकें चपटें होतें, त्यावर खांच पडते, आणि खांचेबाहेरचा भाग उंचवट्यासारखा वर येतो. मग पाय बाहेर नेऊं गेल्यास डोकें वाटींत फिरत नाहीं. उंचवटा कांठावर अडतो आणि पाय बिजागरीवर टांगलेल्या दारासारखा हलतो.

कांहीं मुलांत डोक्याखालची वाढीची कूर्चाहि दुखावते. मग हाडाची मान आंखूड राहते. पण कुशीवर निजलें असतां हाताला लागतो तो बाहेरचा हाडाचा उंचवटा वाढतच असतो. तो वर चढतो, त्याला बांधलेले स्नायु सैल पडतात, आणि त्या पायावर उभें राहिलें कीं कंबर दुसऱ्या बाजूस कलते. दुखणें सरल्यावरहि जें लंगडणें उरतें त्याचें हें एक मोठें कारण.

हें सर्व ऐकून आजी म्हणाली, “म्हणजे डॉक्टरसाहेब, उकड मऊ आहे तोंवर ती साच्यांत पुरती बसलेली हवी. बाहेर राहिली तर कांठाचा वण उठणारच.” डॉक्टर हंसले व म्हणाले, “अगदीं तसंच, आजी.” उपचाराचें सारें शास्त्र आज या एका गोष्टीभोंवतीं फिरतें. पूर्वीं अशा मुलांवर भार पडूं नये म्हणून त्यांस एक-दोन वर्षें निजवून ठेवीत. पुढें असें ध्यानांत आलें कीं, भार टाळण्यापेक्षां डोकें वाटींत खोल बसलेलें असणें महत्त्वाचें. वाटी वाटोळी आहे, तीच साच्याचें काम करील. कॅनडांतील पेट्री व बिटेंक यांनीं १९७१ सालीं दोन्ही पाय फांकून प्लॅस्टर घालण्याची व मधें काठी बसविण्याची रीत प्रसिद्ध केली. आतां बहुधा शस्त्रक्रिया करतात. कोणी मांडीच्या हाडावर, कोणी कंबरेच्या.

घरांत तेव्हां दुसराच प्रश्न चघळला जात होता : हें आपल्याच मुलाला कां ? तेल नीट लाविलें नाहीं, पांगुळगाडा लवकर दिला, झोपाळ्यावरून पडला होता, दृष्ट लागली. आणि या प्रत्येक कारणाचें टोंक अखेर मुलाच्या आईकडे वळे. यांपैकीं एकालाहि आधार नाहीं. ज्या गोष्टी खरोखर पाहिल्या गेल्या आहेत त्या निराळ्या आहेत. इंग्लंडांत लिव्हरपूलसारख्या शहराच्या गरीब वस्त्यांत हा विकार अधिक आढळला. आपल्या देशांत उडुपीच्या बाजूच्या किनाऱ्यावर तो अधिक असल्याचें, व तिकडील मुलांत तो युरोपपेक्षां उशीरा सुरू होत असल्याचें, मणिपालचे डॉ. बेंजामिन जोसेफ व त्यांचे सहकारी यांनीं १९८८ च्या सुमारास दाखविलें. अशा मुलांचीं हाडें वयाच्या मानानें थोडीं मागें असतात, मुलें किंचित् ठेंगणीं असतात. आमचा नातू वर्गाच्या रांगेंत नेहमीं पहिला उभा राही, त्याचा अर्थ तेव्हां लागला. सुनेनें हें सर्व ऐकून घेतलें आणि त्या दिवसापासून कारणांची चर्चा आपल्यासमोर होऊं दिली नाहीं.

खरा पेंच पुढें होता. डॉक्टरांचें स्वतःचेंहि या बाबतींत पूर्ण एकमत नाहीं. सहा वर्षांखालील पुष्कळ मुलें शस्त्रक्रियेवांचून बरीं होतात, कारण त्यांच्या पदरीं वाढीचीं वर्षें भरपूर असतात आणि वांकडें झालेलें डोकें त्या वाढींत सुधारून येतें. आठांच्या पुढें ही सवलत कमी होते. अमेरिकेंतील हेरिंग व त्यांच्याबरोबरच्या अनेक रुग्णालयांनीं २००४ सालीं जें प्रसिद्ध केलें त्यांत, आठ वर्षांपुढील ज्या मुलांच्या डोक्याची बाहेरची बाजू पुरती खचलेली नव्हती त्यांना शस्त्रक्रियेचा फायदा झाल्याचें आढळलें. पण ती करावयाची तर डोकें चुरगळण्याच्या आधीं. मागाहून साच्यांत बसविलेली कडक उकड आकार घेत नाहीं.

इकडे मुंज वैशाखांत ठरलेली. करोनाच्या सांथीमुळें ती आधींच लांबली होती. आमच्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, “मुंज होऊं दे, मग काय तें करा. लंगडत कां होईना, अंतरपाटासमोर स्वतःच्या पायांनीं उभा राहील.” त्यांच्या बोलण्यांत माया होती, आणि आमच्या चिरंजिवांसहि तें पटूं लागलें होतें, तीन महिन्यांनीं असें काय बिघडणार, असें तो म्हणे. सून म्हणाली, “मुंजीला मुहूर्त पुढच्या वर्षीं पुन्हां आहे. हाडाला नाहीं.” आम्हीं आपलें मत तिच्या बाजूनें दिलें, आणि वहिनींची नाराजी पत्करली.

शस्त्रक्रिया मार्चमध्यें झाली. तिच्या आदल्या दिवशीं मुलानें विचारलेला प्रश्न आम्हांला अजून स्मरतो. “आजोबा, डोकं वांकडं होऊं नये म्हणून डॉक्टर माझं चांगलं हाड कां वांकडं करणार ?” प्रश्न बिनचूक होता. मांडीचें हाड खुब्याच्या खालीं कापतात, वरचा तुकडा आंतल्या बाजूस कलवितात व पट्टी-स्क्रूंनीं तसाच बसवितात. त्यामुळें पाय सरळ ठेविला असतांहि डोकें वाटींत खोल जाऊन बसतें. पाय अर्धा-एक सेंटिमीटर आंखूड होतो, आणि थोडें लंगडणें मागें राहूं शकतें. हें सर्व डॉक्टरांनीं मुलाला बरोबरीच्या माणसास सांगावें तसें सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें आणि ‘बरं’ म्हटलें. रात्रीं तो आईच्या कुशींत पुष्कळ वेळ जागा होता.

मुंज ठरल्या दिवशींच झाली. उपाध्यांनीं शास्त्राची अडचण काढली नाहीं. मुलाला चौरंगावर बसवून उजवा पाय समोर उशीवर ठेविला. मातृभोजनास आईहि खालीं बसली नाहीं, खुर्चीवर त्याच्या शेजारीं बसून तिनें घांस भरविले. अंतरपाटासमोर तो कुबड्यांवर उभा राहिला, आणि वहिनींनींच पुढें होऊन त्याची शेंडी सारखी केली.

पुढचीं दोन वर्षें धीराचीं होतीं. २०२२ च्या पावसाळ्यांतील चित्र पाहून आमच्या पोटांत गोळा आला. डोकें जणू चार तुकड्यांत विखुरलेलें. हें असेंच व्हावयाचें, तुकडे वाटींत आहेत हें पाहा, असें डॉक्टर म्हणाले. वर्षअखेरचें चित्र त्याहून वाईट होतें. सायकल व पोहणें चालेल, उड्या नकोत, असा नियम होता, आणि ‘तुझ्या शर्यती कधीं ?’ असें विचारणाऱ्या पाहुण्यांना आंवरण्याचें काम आमच्याकडे होतें. २०२३ च्या उन्हाळ्यांत डोक्याच्या बाहेरच्या कडेस नव्या हाडाची एक बारीक पांढरी रेघ उमटली. केसाएवढीच रेघ, पण कडेचा खांब उभा राहतो आहे, असा तिचा अर्थ होता. सुनेनें तें चित्र खिडकीच्या उजेडांत धरून बराच वेळ पाहिलें. पट्टी व स्क्रू २०२४ मध्यें काढले.

आतां डोकें भरून आलें आहे. तें डाव्यासारखें वाटोळें नाहीं; थोडें मोठें आहे आणि किंचित् लंबगोल आहे. परंतु वाटीहि अजून वाढती होती, आणि तिनें त्या आकाराशीं जुळवून घेतलें आहे. स्टुलबर्ग व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९८१ सालीं अशीं मुलें मोठीं झाल्यावर तपासलीं, तेव्हां त्यांना असें दिसलें कीं, डोकें वाटोळें नसलें तरी वाटी त्याच्याशीं जुळती असेल तर सांधा पुष्कळ वर्षें चालतो. चपटें डोकें वाटोळ्या वाटींत बसलें असेल तर तो लवकर झिजतो. आमच्या नातवाचा खुबा पहिल्या प्रकारांत मोडतो. प्रौढ वयांत तो कुरकुरणार नाहीं, अशी हमी कोणी दिलेली नाहीं.

तो मांडी घालतो. उजवा पाय वर घेतला तर दोन्ही गुडघे जवळजवळ टेकतात, डावा वर घेतला तर टेकत नाहींत, म्हणून पंगतींत तो उजव्या बाजूस थोडी जागा मागून घेतो. आंखूड पायासाठीं उजव्या चपलेंत बुचाचा एक सेंटिमीटरचा थर बसविला आहे. पहिला थर चांभारानें उदारपणें दीड सेंटिमीटर केला होता; मुलानें दोन पावलें टाकून तो जास्त असल्याचें ओळखलें, आणि समोर बसून तासून घेतला.